सहा वर्षं बंद असलेल्या घराचा भाव फुटावर ठरत नाही

पत्र

मी पुण्यात घरांच्या साफसफाईची कामं घेते. माझ्याकडे दोन बायका आणि दोन पुरुष आहेत, प्रत्येकाला रोज ७०० रुपये. राहत्या घराला कार्पेट एरियावर फुटाला ८ रुपये लावते आणि त्यात बरं सुटतं. गेल्या महिन्यात सिंहगड रस्त्यावरचा ६२० फुटांचा, सहा वर्षं बंद असलेला फ्लॅट व्हॉट्सॲपवरचे फोटो बघून ५,००० रुपयांना घेतला. तीन दिवस लागले. मजुरीच ८,४०० गेली, वर टेम्पोचे ३,००० मी खिशातून भरले. आता कोथरूडमधलं तसंच काम आलंय. ६८० फूट, टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईवडील गेल्यापासून घर बंद. मुलगा अमेरिकेत, किल्ली नाशिकला त्याच्या बहिणीकडे. त्या म्हणतात, ‘दुसरे लोक चार हजारांत करून देतात.’ मंगळवारी घर बघायला जायचंय. काय दर सांगू? आणि आधीच्या घराचे जास्तीचे पैसे आता मागता येतील का?

— हिशेब चुकलेली, पुणे

उत्तर

ताई,

तुमचा फुटाचा दर चुकीचा नाही, तो राहत्या घराचा आहे. जिथे रोज केर-लादी होते तिथे घाण सगळीकडे साधारण सारखी आणि पातळ असते, म्हणून क्षेत्रफळावरून वेळ सांगता येतो. बंद घरात एका खोलीत नुसती धूळ असते, तर शेजारच्या खोलीत माळ्यापर्यंत सामान. ओट्यामागच्या टाइल्सवर तेल वर्षानुवर्षं सुकून रोगणासारखं कडक झालेलं असतं. नळाला पाणी येईल की नाही, हे कुणालाच माहीत नसतं. यातली एकही गोष्ट फुटाच्या दरात मावत नाही. म्हणून अशा घराचा भाव माणसांच्या तासांवर काढायचा, जागेजागेचा वेगळा, आणि सामान उपसण्याचं काम धुण्यापुसण्यापासून तोडून.

मागच्या कामात तुमच्या खिशातून ६,४०० रुपये गेले, असं तुम्ही धरलं असेल. त्यात घासण्या, ॲसिड, साबण धरलेलं नाही आणि तुम्ही स्वतः तीन दिवस राबलात तेही नाही. नुकसान दहा हजारांच्या आसपास आहे.

मंगळवारच्या पाहणीपासूनच सुरुवात करू. फोटोवरून भाव सांगणं कायमचं बंद करा. फोटोत वास येत नाही, चिकटपणा कळत नाही आणि कपाटाचं दार कुणी उघडून दाखवत नाही. पाहणीचे ५०० रुपये घ्या आणि काम मिळालं की बिलातून वजा करा. ज्यांना खरंच काम करून घ्यायचंय ते ५०० देतात. जे देत नाहीत त्यांच्याकडे अर्धा दिवस घालवायचा नाही.

घर उघडल्यावर लगेच आत शिरू नका. मास्क लावा, दारं-खिडक्या उघडा आणि पंधरा-वीस मिनिटं बाहेर थांबा. तेवढ्यात जिने मोजा, टेम्पो गेटपासून किती लांब उभा राहील ते बघा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून कामाच्या वेळा विचारून घ्या. पुण्यात दुपारी एक ते चार आवाज चालत नाही, असं कुणी सांगितलं तर हसू नका. तीन तास घासकाम नाही, म्हणजे चार माणसांचे बारा तास गेले.

मग पाणी. मुख्य कॉक हळूहळू, पाव वळणाने उघडायचा आणि एक माणूस आत नळांजवळ उभा ठेवायचा. वर्षानुवर्षं सुकलेले वॉशर पहिल्याच दाबाला गळतात, फ्लशची टाकी भरतच राहते. आधी गंजाचं तांबडं पाणी येईल, ते जाऊ द्या. पाणी सुरू होत नसेल तर प्लंबर घरमालकाने आणायचा, तुमच्या भावात तो धरायचा नाही. ‘शेजाऱ्यांकडून बादल्या आणू’ असं म्हणून वेळ निभावू नका. अशा टू बीएचकेला हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. २० लिटरच्या बादलीने पन्नास फेऱ्या झाल्या आणि फेरीला तीन मिनिटं धरली तरी अडीच तास गेले. गिझर सुरू करून बघू नका. टाकी रिकामी असली तर कॉइल जळते आणि बिल तुमच्या नावावर येतं.

पाणी आलं की प्रत्येक मोरीत, बाथरूममध्ये आणि बाल्कनीत एकेक बादली ओता आणि उभं राहून बघा. तुंबतंय का, किती वेळात उतरतंय? नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाटीतलं, पाणी इतक्या वर्षांत सुकून गेलेलं असतं. वास आणि झुरळं तिथूनच वर आलेली असतात, एका बादलीने तेही थांबतं. पण या बादलीचं खरं काम वेगळंच आहे. खालच्या मजल्यावर पाणी झिरपतंय का, हे काम घेण्याआधी कळतं. जुन्या इमारतीत हॉल आणि बेडरूमच्या जमिनीखाली वॉटरप्रूफिंग नसतं. तिथे पाणी ओतून लादी धुतली की दुसऱ्या दिवशी खालचे काका छताचा डाग दाखवायला वर येतात. हॉल-बेडरूम ओल्या फडक्याने आणि व्हॅक्यूमनेच, पाणी फक्त मोरी, बाथरूम आणि बाल्कनीत.

वीज बंद असेल तर मीटर जागेवर आहे का बघा. बिल बराच काळ थकलेलं असलं की महावितरण जोडणी कायमची तोडू शकतं आणि नवी मिळायला दिवस जातात. वीज असली तरी उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असू शकतात, म्हणून इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. स्विचबोर्ड पुसताना मेन बंदच हवा. स्वयंपाकघरात सिलिंडर उरला असेल तर तो हलवू नका, एजन्सीला कळवायचं काम बहिणीचं. पाइप गॅस असेल तर एमएनजीएल या गॅस कंपनीला.

आता भाव काढायचा कसा. मास्किंग टेपने ओट्यामागच्या सगळ्यात वाईट टाइलवर एक फूट बाय एक फूट चौकोन आखा. डिग्रीझर, म्हणजे तेलकट थर सोडवणारं रसायन, मारा आणि दहा मिनिटं सोडून द्या. मग मोबाइलवर वेळ लावा. आधी स्क्रॅपरने आडवं खरवडायचं, पाती सपाट धरायची, नाहीतर चकाकी ओरखडते. किटणाचा पहिला थर मधासारखा गोळा होऊन येतो, तो कागदाने उचलून पिशवीत टाका. मोरीत टाकलात तर पाइपमध्ये पुन्हा थिजतो. मग घासणी, मग ओलं फडकं, मग कोरडं. समजा सहा मिनिटं लागली. ओट्याची लांबी १४ फूट, रुंदी २ फूट, मागची टाइल २ फूट उंच, म्हणजे ओटा आणि भिंत मिळून ५६ चौरस फूट. सहा मिनिटांनी ३३६ मिनिटं, साडेपाच तासांहून जास्त. हा आकडा तुमच्या हाताने मोजलेला आहे, त्यावर कुणी घासाघीस करू शकत नाही.

टेप काढली की काळपट भिंतीवर तो पांढरा चौकोन उरतो. तो तसाच राहू द्या आणि नाशिकच्या ताईंना दाखवा. किती निघतं आणि किती उरतं, दोन्ही त्यांना तिथेच दिसतं.

असाच दुसरा नमुना बाथरूममध्ये घ्या. कोथरूड काय आणि सिंहगड रस्ता काय, बोअरचं पाणी वापरलेल्या घरात टाइल्सवर क्षाराचा पांढरा थर असतो. लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवा. उभ्या भिंतीवरून द्राव ओघळून जातो आणि मग लोक म्हणतात, ‘याने काही होत नाही.’ टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, वीस मिनिटांनी काढा आणि घासा. निघालं तर वेळ लिहून ठेवा. काचेवर मात्र क्षार मुरून काच खोदली गेली असेल तर ते कशानेच जात नाही. तिथे ‘निघणार नाही’ असं वहीत लिहा आणि भावाबरोबर तेही सांगा.

तिसरा नमुना जमिनीचा, कपाटामागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात. आधी लिंबाचा एक थेंब टाका. फसफसला तर तो चुन्याचा दगड आहे. शहाबादी, कडप्पा, संगमरवर हे सगळे त्याच जातीचे, आणि मोझॅकमध्येही संगमरवराची खडी आणि सिमेंट असतं. या कुठल्याही फरशीवर ॲसिड चालत नाही. एकदा चकाकी गेली की पॉलिश करून द्यावं लागतं आणि ते तुमच्या सगळ्या बिलापेक्षा महाग पडेल. लिंबूसत्त्वही ॲसिडच आहे, हे माणसांना बजावून सांगा. कडप्प्याच्या ओट्यावर ते सांडलं की पांढरा डाग पडतो.

रसायनांबद्दल आणखी थोडं, कारण बंद घरात घाई झाली की माणसं दोन बाटल्या एकत्र करतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो मिनिटाभरात माणसाला बेजार करतो. त्यामुळे ज्या दिवशी बाथरूममध्ये ॲसिड त्या दिवशी तिथे ब्लीच नाही, बाटली घराबाहेर. सोडायुक्त डिग्रीझर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना आणि चिमणीच्या ॲल्युमिनियम जाळ्यांना खातो, त्यांना साबणाचं कोमट पाणीच. नळांच्या क्रोमवर ॲसिडची वाफ बसली तरी ते काळं पडतं. आधी नळाला तेलाचा हात लावून वर प्लास्टिकची पिशवी बांधा.

बाल्कनीत कबुतरं असणारच. विष्ठेचा थर कोरडा झाडायचा नाही. तिच्या धुळीतून बुरशीचे कण फुप्फुसात जातात, दम्यासारखे त्रास होतात. फवाऱ्याने पूर्ण भिजवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग फावड्याने सरळ जाड पिशवीत. एन-९५ मास्क, गॉगल, कोपरापर्यंतचे हातमोजे. उंदरांच्या लेंड्या असतील तिथेही झाडू नाही. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं मिश्रण फवारून पाच मिनिटांनी कागदाने उचला. हे मिश्रण रोज ताजं करावं लागतं. बंद पडलेला फ्रिज आत अन्न असताना वर्षानुवर्षं तसाच असेल तर तो उघडायचाच नाही. दाराभोवती चिकटपट्टी मारून उभाच खाली न्यायचा. कुतूहलापोटी एकदा उघडला की दिवसभर कुणी स्वयंपाकघरात टिकत नाही.

वाळवी दिसली तर मातीच्या नळ्या पुसू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला त्यांचाच माग लागतो, म्हणून तो तुमच्या आधी येऊ द्या. झुरळांच्या जेलचं उलट आहे. ते सफाईनंतर, नाहीतर तुम्हीच धुऊन टाकाल.

स्लॅबचा गिलावा पडून सळ्या दिसत असतील तर त्याखाली माणूस उभा करायचा नाही. त्या खोलीचं काम घ्यायचं नाही. चेंबर आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ‘जाता जाता तेवढं बघा’ असं कुणी म्हटलं तरी नाही म्हणजे नाही.

आता हिशेब. मंगळवारी जे मोजाल ते याच चौकटीत घाला. आकडे तुमच्या घराचे असतील, खालचे नमुन्याचे आहेत.

जळमटं, छत आणि भिंती कोरड्या झाडायला ५ तास. डिस्टेंपरच्या भिंतीला ओलं फडकं लावलं की रंग उतरतो, म्हणून भिंती कोरड्याच. स्वयंपाकघर १२ तास: ओटा-टाइल्स ६, ट्रॉल्या आणि कपाटं ४, सिंक-एक्झॉस्ट वगैरे २. दोन बाथरूम, प्रत्येकी ५, एकूण १०. पाच सरकत्या खिडक्या जाळी-ग्रिल-रुळांसकट ५. बाल्कनी ४. पंखे, ट्यूब, स्विचबोर्ड ३. माळे आणि कपाटांची आतली बाजू ५. जमीन दोन हात ८. सगळे मिळून ५२ तास.

सामान वेगळं करणं आणि खाली नेणं १६ तास. साठ पोती तिसऱ्या मजल्यावरून न्यायची तर फेरीला पाच मिनिटं धरून पाच तास फक्त जिन्यातच जातात. बाकी अकरा तास निवडण्यात. हे अकरा तास कोटेशनमध्ये कुणीच धरत नाही. आईच्या ट्रंकेतला एकेक कागद मुलगी वाचून बघते, तिला घाई करता येत नाही आणि करूही नये. पण तोवर तुमची चार माणसं उभी असतात आणि त्यांचा रोज चालू असतो.

एकूण ६८ तास. हजेरी म्हणजे एका माणसाचा एक दिवस; आठ तासांच्या हजेरीत कामाचे तास साडेसहाच धरा. बाकी चहा, जेवण, हातपाय धुणं आणि सामान काढणं-आवरणं यात जातात. ६८ ला साडेसहाने भागलं तर साडेदहा, म्हणजे ११ हजेऱ्या. चार माणसं तीन दिवस म्हणजे १२. बारावी हजेरी शेवटच्या संध्याकाळच्या राहिलेल्या कामांना लागतेच.

अशा कामाला रोज १०० रुपये जास्त द्या. ७०० मध्ये माणूस फ्लॅट पुसायला येतो, कबुतरांची घाण काढायला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं आलेच नाहीत तर वाचवलेले १,२०० कामाला येत नाहीत.

बारा हजेऱ्या, ८०० ने: ९,६००.
तुमचे तीन दिवस, १,००० ने: ३,०००. हे आधी लिहा, उरलं तर घेईन असं नाही.
माल: ३,२००. यात डिग्रीझर ५ लिटर, ब्लीच ५ लिटर, बाथरूम क्लीनर ४ लिटर, लिंबूसत्त्व २ किलो, साबण ५ लिटर, घासण्या २०, स्क्रॅपरच्या पाती १०, चिंध्या ५ किलो, जाड पिशव्या ५०, पोती, हातमोजे, मास्क.
टेम्पोच्या दोन खेपा: ३,०००.
मशीनची झीज किंवा भाडं: ९००.
येणं-जाणं: ९००.

बेरीज २०,६००. त्यावर न दिसलेल्या गोष्टींसाठी १५ टक्के, ३,०९०. झाले २३,६९०. त्यावर २० टक्के नफा, ४,७३८. एकूण २८,४२८, म्हणजे २८,५०० सांगा. वर २० टक्के चढवले की हातात बिलाच्या साधारण पावणेसतरा टक्केच राहतात, वीस नाही. हा घोटाळा हिशेबात सगळेच करतात. फुटाला पाडलं तर हा भाव ४२ रुपयांच्या आसपास येतो, तुमच्या नेहमीच्या पाचपटीहून जास्त. पण फुटाचा आकडा ताईंना सांगायचा नाही. तो ऐकला की तुलना सुरू होते.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही आणि बिलात तो लावायचाही नाही. वर गेलात तर १८ टक्के, आणि ते या भावाच्या वर.

हे २८,५०० एका रकमेत सांगू नका. दोन तुकडे करा. सामान उपसणं हजेरीवर आणि सफाई उक्ती, म्हणजे पूर्ण कामाची ठरलेली रक्कम. भरलेल्या घराची जमीन दिसत नाही. न दिसणाऱ्या जमिनीचा उक्ता भाव सांगितला की एक तर तुम्ही फसता, नाहीतर भीतीने दुप्पट सांगून काम घालवता. मजकूर असा पाठवा:

‘नमस्कार ताई. घर पाहिलं. काम दोन टप्प्यांत होईल. पहिला टप्पा: सामान तुमच्यासमोर वेगळं करून नको ते खाली नेणं. ३ हजेऱ्या, हजेरीला १,५०० रुपये, टेम्पोच्या दोन खेपा ३,०००, एकूण ७,५००. हजेरी किंवा खेप वाढली तर आधी तुम्हाला विचारून, त्याच दराने. दुसरा टप्पा: पूर्ण सफाई, उक्ते २१,०००. घर रिकामं झाल्यावर हा आकडा पक्का करू, फरक पडलाच तर १० टक्क्यांच्या आत. यात ओल, बुरशीचे मुरलेले डाग, वाळवी, काचेवरचे खोल क्षाराचे डाग, रंगकाम, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि पेस्ट कंट्रोल धरलेलं नाही. पाहणीचे ५०० शेवटच्या बिलातून वजा. सुरुवातीला १०,०००, घर रिकामं झाल्यावर १०,०००, काम पाहून झाल्यावर उरलेले.’

अमेरिकेतल्या भावाला शेवटच्या दिवशी उजेड असताना व्हिडिओ कॉलवर खोली-खोली दाखवा आणि ‘ठीक आहे’ हे त्याच्याकडून लिहून घ्या. घर बहिणीने बघायचं आणि पसंती भावाने द्यायची, असं झालं की शेवटचा हप्ता महिनाभर अडकतो.

बुरशीबद्दल एक गोष्ट आधीच तोंडी सांगा. ओलीच्या भिंतीवरची बुरशी पुसता येते, पण पाणी कुठून येतंय ते बंद झाल्याशिवाय पुढच्या पावसाळ्यात ती परत येणार. हे आधी सांगितलं तर तो सल्ला, नंतर सांगितलं तर ती सबब.

सापडलेल्या वस्तूंसाठी एक वही ठेवा. कागदपत्रं, दागिने, रोकड, फोटो, पासबुकं जे निघेल ते निघाल्याबरोबर त्यात लिहायचं, फोटो काढायचा, ताईंची सही घ्यायची. कपाट रिकामं करताना त्या खोलीत घरचं माणूस हवंच. त्या नाशिकहून येणार नसतील तर त्या दिवशी सामानाला हात लावायचा नाही. जुन्या साड्यांच्या घडीत, डब्यांच्या तळाशी काय निघेल सांगता येत नाही, आणि काही हरवलं की संशय पहिल्यांदा तुमच्या बायकांवर जातो.

भंगार आणि रद्दी कुणाची, हेही आधी ठरवा. ‘भंगार तुम्ही घ्या आणि तेवढे पैसे कमी करा’ हा सौदा नको, भाव रोज बदलतात आणि वजनावरून तोंडं वाकडी होतात. भंगारवाला ताईंच्या समोर वजन करून त्यांनाच पैसे देऊ दे. वापरण्याजोगे कपडे, भांडी, जुन्या वस्तू यांच्यासाठी पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी बोला. फुटलेल्या टाइल्स, विटा असा राडारोडा घंटागाडी घेत नाही, तो वेगळा न्यावा लागतो. त्याची खेप वेगळी लिहा. छोटा हत्ती टेम्पो साधारण ७५० किलोपर्यंत ओढतो, पण गाद्या-सोफे असले की वजनाआधी जागा संपते. म्हणून खेपा वजनावर नाही, आकारमानावर मोजा.

चार हजारांच्या गोष्टीला उत्तर शांतपणे द्यायचं. चार हजारांत माल, टेम्पो, तुमचा वेळ सगळं सोडलं तरी ८०० ने पाच हजेऱ्या बसतात, म्हणजे साडेबत्तीस तास. या घराला ६८ लागतात. जो चार हजारांत करतो तो राहत्या घराची सफाई करतो, किंवा निम्म्यावर सोडून वरचे पैसे मागतो. त्याच्याविरुद्ध काही बोलू नका, त्याने घर पाहिलंय का एवढंच विचारा. तरी पैसे कमीच असतील तर काम कमी करा, दर नाही. नको असलेलं सगळं सामान मागच्या बेडरूममध्ये भरून ती कुलपात ठेवता येते. मग टेम्पो वाचतो, जिन्यातले पाच तास वाचतात आणि त्या खोलीची खिडकी, पंखा, जमीन, कपाट तूर्त राहतं. घर भाड्याने द्यायचं नसेल, नुसतं दोन आठवडे येऊन राहायचं असेल, तर एवढं पुरतं. त्याचा हिशेब वरच्याच चौकटीत दहा मिनिटांत होईल.

माणसांचं एक राहिलं. ज्यांचं बँकेत खातं आहे त्यांना प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत घाला. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. दवाखान्याचा खर्च त्यात मिळत नाही, म्हणून वर जे १५ टक्के धरले त्यातले थोडे बाजूला राहू द्या. गंजके पत्रे आणि खिळे असतात, धनुर्वाताचं इंजेक्शन चौघांनाही कामाआधी झालेलं हवं. जेवण घरात नाही, बाहेर, साबणाने हात धुऊन.

सिंहगड रस्त्याच्या कामाचं म्हणाल तर सफाईचे जास्तीचे पैसे मागू नका. ५,००० हा आकडा तुम्हीच सांगितला होतात. टेम्पोची गोष्ट वेगळी आहे. सामान वाहून नेणं तुमच्या दरात नव्हतं आणि ते त्यांच्या सांगण्यावरून झालं. टेम्पोच्या पावत्या आणि भरलेल्या टेम्पोचे फोटो जोडून एक साधा निरोप पाठवा: ‘सफाईचे ५,००० मिळाले. टेम्पोचे ३,००० मी भरले आहेत, तेवढे द्यावेत.’ पावत्या हातात नसतील तर टेम्पोवाल्याला आजच फोन करून लिहून घ्या, महिना उलटून गेलाय.